घरचा फाइल सर्व्हर मधूनच गायब होतो? डिस्कला हात सगळ्यात शेवटी लावा

फाइल सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा, कायम चालू असलेला संगणक. मी त्याला खोकं म्हणतो. आधी लक्षणं. यातलं एखादं ओळखीचं वाटलं तर पुढचं वाचा.

– कालपर्यंत उघडणारं फोल्डर आज सापडत नाही. खोकं मात्र चालू आहे, दिवा लुकलुकतोय.
– लाईट जाऊन आली की सर्व्हर आपोआप उठत नाही. कुणीतरी बटण दाबलं की मात्र काहीच झालं नाही अशा थाटात चालू होतो.
– घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की सर्व्हर रीस्टार्ट होतो.
– फाइलींवर तारीख भलतीच पडते. कधी दहा-बारा वर्षं मागची.
– मोठी कॉपी अर्ध्यात अडकते, किंवा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर हलत नाही.
– दुपारी बंद पडतो, रात्री गुण्यागोविंदाने चालतो.
– आजवर आवाज नव्हता, आता घरघर, गुणगुण किंवा टिकटिक येते.

खोकं म्हणजे काय तेही सांगतो. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, त्यात घरातल्याच दोन हार्डडिस्क, आणि वर ओपनमीडियाव्हॉल्ट, म्हणजे साध्या संगणकाचा फाइल सर्व्हर करणारी फुकटची प्रणाली. माझ्याकडचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री आहे, म्हणजे २०१२च्या सुमाराचा. रॅम ८ जीबी. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. इंदूरच्या सुदामानगरात टीव्हीच्या मागे निमूट बसलेला असतो आणि घरातले सगळे फोटो सांभाळतो. वॅटमीटर लावून पाहिला तेव्हा रिकामा असताना ३० वॅटच्या आसपास ओढत होता. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला साधारण २२ युनिट.

माझं बघून काकांनी मागितलं, मग रामचंद्रनगरच्या मावशीने, मग तिच्या जावयाने. आता इंदुरात अशी सहा खोकी आहेत आणि सहाही बिघडली की फोन मलाच येतो. नातेवाइकाला फुकट सर्व्हर बसवून देणं म्हणजे जन्माची एएमसी, हे मला उशिरा कळलं.

फोनवर प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं: "डिस्क गेली वाटतं." एवढ्या वर्षांत डिस्क खरोखर गेली ती दोनदाच. बाकी सगळ्या वेळा दोष पत्ता, सेल, वायर, धूळ किंवा वीज यांच्यापैकी एकाचा होता. तरी लोक पहिला हात डिस्कलाच घालतात, आणि धडधाकट डिस्क काढता-घालताना खरंच बिघडवतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी फुकटाचं, मग स्वस्तातलं, शेवटी अवघड. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि सेल एकदम बदलले आणि दोष गेला, तर कशामुळे गेला ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

१. खोकं मेलंय की नुसता पत्ता बदललाय?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो, तो ठरावीक मुदतीपुरता. राउटर बंद होऊन चालू झाला की सर्व्हरला दुसराच पत्ता मिळू शकतो. तुमच्या लॅपटॉपवरचा शॉर्टकट मात्र जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत बसतो.

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, त्यात सर्व्हरचं नाव शोधा. नाव दिसलं तर खोकं जिवंत आहे. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे तो पत्ता टाइप करून बघा. उघडलं तर राउटरमध्येच त्या सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ठरलेला क्रमांक) आयपी राखून ठेवा. एकदा केलं की हा दोष कायमचा मिटतो.

विंडोजच्या दोन खोडी इथेच सांगून टाकतो. २०१७च्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून जुना एसएमबी-१ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी रीत) मुळात बसवलेलाच नसतो, त्यामुळे 'नेटवर्क'मध्ये सर्व्हरचं चित्र दिसेलच असं नाही. ते दिसलं नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असं समजू नका, आणि कुणी एसएमबी-१ परत चालू करायला सांगितलं तर करू नका. ते जुनं आणि असुरक्षित आहे. दुसरी खोडी विंडोज ११ची. २०२४च्या २४एच२ अद्ययावतीनंतर प्रो आवृत्तीत पासवर्डशिवायचं, पाहुण्यासारखं शेअर, म्हणजे सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर, उघडत नाही. मावशीकडे असंच झालं: रात्री अपडेट आला, सकाळी फोटो 'गेले'. सर्व्हरवर तिच्या नावाचं खातं केलं, पासवर्ड ठेवला, फोटो परत आले. मधल्या दोन तासांत तिने जावयाला बरंच काही ऐकवून घेतलं होतं.

२. इन्व्हर्टरच्या मागचं बटण

हेही फुकट, आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला बहुतेक वेळा एक छोटं सरकतं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला इन्व्हर्टरला क्षणभर लागतो. यूपीएसवर ठेवलं तर हा क्षण साधारण १०-१५ मिलिसेकंदांचा, नॉर्मलवर त्याहून बराच लांब. पंखा-ट्यूबला त्याचं काही वाटत नाही. संगणकाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशा बेताने बनवलेला असतो. जुना झाला, आतले कपॅसिटर सुकले, की तेवढाही धरत नाही.

त्यामुळे बटण यूपीएसवर सरकवा. तोटा एकच: त्या स्थितीत इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत जास्त चिकित्सक होतो आणि दाब थोडा घसरला तरी बॅटरीवर जातो. मे महिन्यातल्या संध्याकाळी कॉलनीतले सगळे एसी एकदम चालू होतात तेव्हा हे जाणवतं. तरीही मी यूपीएसच निवडतो. अर्धवट लिहिलेल्या फाइलपेक्षा थोडी जास्त झिजलेली बॅटरी परवडली.

इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो. पण त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-चार वर्षांत मान टाकते, आणि मेलेली बॅटरी घेऊन यूपीएस वर्षानुवर्षं हिरवा दिवा दाखवत बसतो. दिवाळीच्या साफसफाईत एकदा मुद्दाम प्लग काढून बघा किती मिनिटं टिकतो. सर्व्हर रीतसर बंद करून, त्याच्या जागी टेबललॅम्प लावून बघा.

३. सेल

काकांचं खोकं गेल्या पावसाळ्यात तीन वेळा 'मेलं'. काका लोकमान्यनगरात राहतात. त्यांच्याकडे जुन्या मैफलींच्या कॅसेटी होत्या, त्या त्यांनी स्वतः एकेक करून संगणकात उतरवल्या आणि सगळ्या त्या खोक्यात ठेवल्या. फोन सकाळी सात वाजता. "अरे, ते तुझं परत गेलं." गाणी त्यांची, पण बिघडलं की खोकं माझं. मी जायचो, बटण दाबायचो, चालू व्हायचं, पोहे खाऊन परत यायचो. तिसऱ्या वेळी पोहे खाताना लक्षात आलं की सर्व्हरवर तारीख १ जानेवारीची आहे, आणि बाहेर तर पाऊस पडतोय.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२. बायॉसच्या (संगणक चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग आणि घड्याळ तो जपतो. पण भिंतीतला प्लग चालू असेपर्यंत हे काम एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालतं, त्यामुळे सेल मेला तरी कळत नाही. ज्या दिवशी वीज पूर्ण तुटते, किंवा झाडू-पोछा करताना कुणी बोर्डाचं बटण बंद करतं, त्या दिवशी बायॉस सगळं विसरतो. वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं, हे त्याला शिकवलेलं असतं, तेही विसरतो. म्हणून बटणाची वाट बघत बसतो. खोकं बिघडलेलं नसतंच, त्याला नुसता विसर पडलेला असतो.

सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. काकांकडे जाताना मी जेल रोडवरून घेतला. दुकानदार माझ्याकडे न बघताच म्हणाला, "भिया, दो ले जाओ." बरोबर होतं त्याचं, मी दोन घेतले. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, कडेची पत्र्याची जीभ नखाने हलकेच मागे सारली की जुना सेल उडी मारून वर येतो. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७च्या खाली असेल तर तो टाकाऊ. कोरीव अक्षरांची बाजू वर ठेवून नवा दाबून बसवा.

अर्धं काम अजून बाकी आहे. सेल बदलला म्हणून विसरलेलं आठवत नाही. एकदा मॉनिटर-कीबोर्ड जोडून बायॉसमध्ये जा आणि चार गोष्टी बघा. तारीख-वेळ. साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, प्रकार एएचसीआय आहे ना, की जुन्या आयडीईवर गेलाय. पंख्यांचा वेग. आणि 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाची ओळ: ती 'पॉवर ऑन' करा. 'लास्ट स्टेट' ठेवू नका. यूपीएसने सर्व्हर रीतसर बंद केला असेल तर शेवटची स्थिती 'बंद' अशीच नोंदली जाते, आणि लाईट आल्यावर तो इमानेइतबारे बंदच राहतो.

सेलवर मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवायचं. मी आता सगळ्या खोक्यांत लिहितो.

४. लॅनची वायर आणि ११चा आकडा

कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीवर अडकला असेल तर तो आकडाच रोगाचं नाव सांगतो. गिगाबिट जोडणीला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. एखादी तार क्लिपमध्ये सैल झाली, उंदराने कुरतडली किंवा दारात चेमटली की दोन्ही टोकं आपसात तडजोड करून १००वर उतरतात. १०० मेगाबिट म्हणजे हिशेबाने १२.५ एमबी, हातात येतात ११. गिगाबिटवर साधारण ११० यायला हवेत. सर्व्हर तरीही चालतो, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी वायर लावून बघा. फरक पडला नाही तर राउटर उलटा करून त्याचे पोर्ट १०० मेगाबिटचेच आहेत का ते वाचा. इंटरनेट जोडणीबरोबर येणाऱ्या स्वस्त राउटरमध्ये ते बऱ्याचदा तसे असतात आणि मग वायरीचा काही दोष नसतो. सर्व्हर वायफायवर ठेवला असेल तर त्याबद्दल मी काही बोलत नाही. तो आधी वायरीवर आणा, मग बोलू.

५. दुपारी झोपतो, रात्री जागतो

इथे जरा थांबतो, कारण हा दोष आपण स्वतः विकत घेतलेला असतो. खोकं शांत हवं म्हणून आपण पंखे हळू करतो, खोकं कपाटात ढकलतो, दार लावतो. पहिला आठवडा स्वर्ग. मग मे येतो, बाहेर ४२ अंश, आणि दुपारी दोनला सर्व्हर गायब.

काकांनी तर कमाल केली होती. टीव्हीच्या खालच्या कपाटात खोकं, आणि घरघर ऐकू येऊ नये म्हणून वर काकूंची जुनी शाल, चार घड्या घालून. मी शाल उचलली तर इस्त्रीच्या कपड्यासारखी गरम. डिस्कचं तापमान ५७ होतं. घरगुती डिस्कची कमाल मर्यादा बहुधा ६० अंशांची असते, आणि मला विचाराल तर ४५च्या वर गेली की माझा जीव वर-खाली होतो. काका म्हणाले, "पण आवाज तर नव्हता ना?"

३०-३५ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब बंद कपाटात दिवसभर लावून ठेवलाय असं समजा, म्हणजे कळेल. उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी. दार उघडं ठेवता येत नसेल तर कपाटाच्या मागच्या प्लायला खाली एक आणि वर एक असं हाताच्या तळव्याएवढं भोक पाडा. खालून थंड हवा शिरते, वरून गरम निघते.

मग धूळ. इंदूर स्वच्छतेत २०१७पासून पहिल्या नंबरावर बसलंय, पण माळव्याच्या काळ्या मातीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. वर्षभरात प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी तयार होते. पंखा फिरत असतो, हवा मात्र गादीच्या खाली जात नाही. प्लग काढा, खोकं गच्चीवर न्या, रंगाच्या मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर मर्यादेबाहेर गरगरतात आणि बेअरिंग जातं. मी पहिल्या वेळी सोडली होती. पंख्याला पिपाणीसारखा आवाज आला, मजा वाटली, आठवड्याने नवा पंखा आणला.

धूळ काढूनही प्रोसेसर तापत असेल तर हीटसिंकखालची (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालची) पेस्ट दहा वर्षांत सुकून खडू झालेली असते. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मसुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवा, हीटसिंक सरळ दाबून बसवा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंड असं नसतं.

शांततेसाठी पंखे बंद करू नका, मोठे करा. ८० मिलिमीटरचा छोटा पंखा दोन हजार फेऱ्यांनी किंचाळतो. १२० मिलिमीटरचा सात-आठशे फेऱ्यांत घरगुती सर्व्हरला पुरेल इतकी हवा फिरवतो आणि हात लावून बघितल्याशिवाय फिरतोय हे कळत नाही.

६. आवाज ओळखा

शांत खोक्याचा मोठा फायदा हा की त्यात नवा आवाज लगेच ऐकू येतो. तो मोडून काढायच्या आधी नीट ऐका.

सकाळी चालू करताना घर्रर्र, मग दहा मिनिटांत शांत: पंख्याचं बेअरिंग सुकलंय. मागचा स्टिकर अर्धा सोलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. दोन-तीन महिने निघतात. तेवढ्यात नवा पंखा आणा.

घुमणारा, लाटेसारखा वर-खाली होणारा आवाज: यात बिघाड नाही. एका डिस्कच्या मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९०. दोन डिस्कच्या फेऱ्यांत केसभर फरक असतो, आणि तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित उतरलेल्या असल्या की ध्वनी जसा डोलतो तसं पत्र्याचं खोकं डोलायला लागतं. हे मला काकांच्या कानाने दाखवलं. माझ्या लेखी ती नुसती कटकट होती. बाजूच्या पत्र्यावर तळवा दाबून धरा. आवाज बदलला तर पत्रा घुमतोय, डिस्क ठीक आहे.

उपाय: डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचे वॉशर. त्याहून भारी म्हणजे पायजम्याचं रुंद इलास्टिक. डिस्कच्या कप्प्यात आडवं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ताणून बांधा आणि डिस्क त्या झोळीत ठेवा. पाळण्यातल्या बाळासारखी झोपते. मात्र डिस्क कुठल्याही पत्र्याला टेकता कामा नये, खालचा सर्किटबोर्ड तर नाहीच, आणि उन्हाळ्याआधी इलास्टिक तपासायचं, कारण ते उष्णतेने ढिलं पडतं. खोकं हलवायचं असेल तर डिस्क आधी काढून घ्या.

टिक… टिक… टिक, एका लयीत, आणि मग डिस्क गायब: हात मागे घ्या. खाली 'थांबा' लिहिलंय तिथे जा.

७. साटाची केबल आणि चार आकडे

आता डिस्कपर्यंत आलो, तरी डिस्क काढायची नाही. ओपनमीडियाव्हॉल्टच्या पानावर 'स्मार्ट' नावाचा भाग असतो, तिथे डिस्क स्वतःची नाडी सांगते. रांगा पुष्कळ, पण मी चारच बघतो.

१९९ क्रमांकाची रांग सीआरसी चुका मोजते. म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात बिघडलेला माल. हा आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा. तो कधीच शून्यावर येत नाही, म्हणून नुसता मोठा दिसला म्हणून घाबरू नका. लिहून ठेवा, आठवड्याने परत बघा. वाढला असेल तर केबल बदला. कुलपासारखी पत्र्याची खिट्टी असलेली केबल घ्या. सिल्व्हर मॉलमध्ये शंभराच्या आतबाहेर मिळते. जुन्या खोक्यांतल्या बिनखिट्टीच्या केबली पंख्याच्या थरथरीनेच हळूहळू सरकतात. तरीही वाढत राहिला तर मदरबोर्डवरचा पोर्ट बदला.

५, १९७ आणि १९८ या रांगा मात्र डिस्कच्याच पृष्ठभागाच्या. ५ म्हणजे खराब म्हणून बाद करून दुसरीकडे हलवलेल्या जागा, १९७ म्हणजे संशयित, १९८ म्हणजे वाचताच न आलेल्या. इथे शून्य हवा. दोन-चार असतील आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहत असतील तर लक्ष ठेवून चालवता येतं. आठवड्याला वाढत असतील तर त्या डिस्कवरचं सगळं आजच दुसरीकडे उतरवा. उद्या नको. दुरुस्तीची आज्ञा त्या डिस्कवर चालवू नका, ती मरणाऱ्याला पळायला लावते. आधी नक्कल, मग बाकीचं.

१ आणि ७ या रांगांमध्ये काही डिस्क कोटींचे आकडे दाखवतात. ते बघून मावशीच्या जावयाने मला रात्री अकराला उठवलं होतं. काही डिस्कमध्ये ते आकडे वेगळ्याच रीतीने लिहिलेले असतात, झोपा.

८. एसएमपीएस

चालू करताना किंवा दोन्ही डिस्क एकदम जाग्या होताना एखादी गायब होत असेल, आणि केबल बदलून झाली असेल, तर संशय विजेवर. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागतानाचा क्षण सगळ्यात महाग: १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत, म्हणजे २०-२५ वॅट. चार डिस्क एकदम उठल्या तर शंभर वॅटचा झटका. दहा वर्षांचा एसएमपीएस तेवढ्या वेळापुरता दाब सोडतो.

मल्टिमीटर असेल आणि हात स्थिर असेल तर मोकळ्या चारपिनी कनेक्टरवर मोजा: पिवळा-काळा १२, लाल-काळा ५. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४च्या खाली नको आणि ४.७५च्या खाली नको. डिस्क जागी होतानाच बघा, नंतर सगळं आलबेल दिसतं. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका.

आणखी एक. जुन्या एसएमपीएसमध्ये साटाची टोकं कमी असतात म्हणून आपण चारपिनीवरून साटा करणारं जोडतोंड लावतो. त्यातलं साच्यात एकसंध ओतलेलं प्लास्टिकचं तोंड घेऊ नका. आत तारा जवळ सरकून शॉर्ट होतात, वितळतात, कधी पेटतातही. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेलं, मागून उघडता येणारं घ्या. दहा-वीस रुपयांच्या फरकासाठी घराला आग नको.

एसएमपीएस खराब निघाला तर नवा घ्या. सगळं खोकं जुन्या भागांचं असलं तरी हा भाग मी जुना वापरत नाही.

९. उरलंसुरलं

फाइली उघडतात पण आतून बिघडलेल्या असतात, फोटोचा खालचा अर्धा करडा येतो: रॅम. काढून सोनेरी दात शाळकरी खोडरबराने पुसा, परत बसवा, रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एक जरी चूक आली तरी ती पट्टी बाद.

सर्व्हर चालू, फाइली उघडतात, पण व्यवस्थापनाच्या पानावर आत शिरता येत नाही: सिस्टीमची डिस्क किंवा पेनड्राइव्ह गच्च भरलाय. बाहेरची डिस्क सुटलेली असताना बॅकअप चालला की तो सगळा माल रिकाम्या फोल्डरात, म्हणजे सिस्टीमवरच ओततो. आधी ते फोल्डर तपासा.

थांबा, इथून पुढे आपलं काम नाही

टिकटिक करणारी किंवा पडलेली डिस्क: वीज काढा आणि परत लावून बघू नका. प्रत्येक 'अजून एकदा बघू'ने आतलं वाचणारं डोकं तबकडी खरवडतं. फ्रीजरमध्ये ठेवू नका, उघडू नका, त्याच मॉडेलचा सर्किटबोर्ड आणून बदलू नका. बोर्डावर त्या एका डिस्कपुरती माहिती साठवलेली असते. मजकूर मोलाचा असेल तर डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या. आधी लेखी अंदाज घ्या, आणि 'मिळाला तरच पैसे' आहे का ते विचारा. मोलाचा नसेल तर सोडून द्या. काकांच्या कॅसेटी अजून माळ्यावर होत्या म्हणून आम्ही एकदा सोडून दिला.

स्क्रीनवर कुणी विचारलं, डिस्क नव्याने तयार करू का, फॉरमॅट करू का, तर उत्तर 'नाही'. एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्कची जोडी मोडली असेल आणि कुठली ताजी ते कळत नसेल तर दोन्ही बंद करून जाणत्याला बोलवा.

एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत शिल्लक राहू शकतात. जळका वास, फुगलेलं यूपीएस किंवा करपलेला प्लग दिसला की मेन स्विच बंद.

आणि खोक्याच्या उघड्या स्क्रूला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर तो संगणकाचा प्रश्न नाही, घराच्या अर्थिंगचा आहे. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी कमी असतो, म्हणून लोक वर्षानुवर्षं चालवून घेतात. पण ज्या दिवशी घरात दुसऱ्या कशात खरी गळती होईल त्या दिवशी तिला जमिनीत जायला वाट नसेल. तीनपिनी प्लगची जाड पिन तोडून दोनपिनी सॉकेटात घालणाऱ्यांची घरं मी इंदुरात पुरेशी बघितलीत. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमधला दाब त्याला तुमच्यासमोर मोजायला लावा.

रविवारी रामचंद्रनगरात जायचंय. लाईट गेल्यावर मावशीचं खोकं उठत नाही म्हणे, आणि जावयाच्या मते डिस्क गेली. जेल रोडचा दुसरा सेल खिशात ठेवलाय.